ढगेबाई आणि गलांडेबाई

आस्थापना विभागाचे पोपटराव मऊ आवाजात बोलायला लागले की समजावं, काम होणार नाही. एरवी ते माणसाकडे मान वर करूनही बघत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी खुर्ची पुढे केली, पाण्याचा पेला पुढे केला, चष्मा पुसला आणि संगणकाच्या पडद्याकडे बोट करून सांगितलं की मॅडम, आपले पेपर भरपूर आहेत, त्याबद्दल वादच नाही, पण प्रभाव कमी पडतोय.

प्रभाव म्हणजे, तुमचा निबंध छापून आल्यावर जगातल्या किती संशोधकांनी तो आपल्या कामात आधाराला घेतला, याची मोजदाद. रक्तविकार संशोधन केंद्रानं नुकतीच परदेशातून एक महागडी सेवा विकत घेतली होती. नाव टाकलं की आकडा येई. माणसानं आयुष्य घातलं, डोळे घातले, मान मोडून घेतली, ते सगळं बाजूला. आकडा काय ते बोला.

समोर बसलेल्या बाईनं रक्ताच्या कर्करोगावर, त्यातही लहान मुलांच्या, आपली सगळी उमेद घातली होती. तिनं शांतपणे सांगितलं की पंचाण्णव सालचा निबंध बघा. ढाक्यापासून साओ पावलोपर्यंत डॉक्टर तो वापरतात.

पोपटरावांनी बघितला. "तो आहे ना. चांगलाच चाललाय. पण तो एम. एन. ढगे यांचा आहे."

"मीच ढगे."

"आपण गलांडे," पोपटराव म्हणाले. डॉक्टर रोग्याच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात, तो आवाज त्यांनी लावला होता.

तिचं पाळण्यातलं नाव मुक्ता. मुक्ता नागोराव ढगे. या गोष्टीत तिला तेच म्हणू. निदान एका ठिकाणी तरी बाईला तिच्या नावानं हाक मारली जावी.

नागोराव हिंगोलीकडचे. इकडे कारखाने आहेत एवढ्या ऐकीव माहितीवर बायको आणि तान्ही पोर घेऊन पुण्यात उतरले, आणि सातारा रस्त्यावरच्या पंपाच्या कारखान्यात चिकटले. बिबवेवाडीत दोन खोल्या, खाली पिठाची गिरणी. मुक्ताच्या शाळेच्या सगळ्या पुस्तकांवर पिठाची साय असायची. नागोराव तसे अबोल, पण पोरगी शिकते म्हटल्यावर त्यांच्या तोंडाला कुलूप राहत नसे. यंत्राच्या आवाजात समोरच्याला ऐकू गेलं नाही तर पुन्हा सांगत.

शास्त्राची पदवी झाली, पुढची झाली, आणि ती विमलाबाई आगाश्यांकडे आली. विमलाबाई नारायण पेठेत एकट्या राहायच्या आणि केंद्रात रक्ताच्या कर्करोगाचा विभाग चालवायच्या. विद्यार्थ्याला घेताना गुणपत्रिका बघत नसत. सूक्ष्मदर्शकापुढे बसवत आणि आपल्या कामाला निघून जात. जो कंटाळून चहाला उठला तो गेला. मुक्ता उठली नाही. ती हुशार होती म्हणून नव्हे. बाईंनी ऊठ म्हटलं नव्हतं आणि न सांगता उठणं तिच्या हट्टात बसत नव्हतं. संध्याकाळी विमलाबाई परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "अजून आहेस का? बरं. उद्या डबा घेऊन ये."

देशाची दारं तेव्हा नुकतीच उघडली होती. परदेशी यंत्रांचे विक्रेते टाय लावून, गुळगुळीत पुस्तिका घेऊन केंद्रात फिरत. रक्ताच्या कर्करोगाचे प्रकार वेगळे आणि औषधंही वेगळी. कोणत्या मुलाला कोणता प्रकार हे वेळेत कळलं तर मूल वाचण्याची आशा. ते सांगणारं यंत्र आता पैसे टाकले की मिळणार होतं. विमलाबाईंनी विक्रेत्याला विचारलं, ज्यांच्याकडे टाकायला पैसे नाहीत त्यांच्या मुलांनी काय करायचं? त्याच्या पुस्तिकेत ते पान नव्हतं.

ते पान मुक्तानं लिहिलं. बाजारात मिळणारे साधे रंग, साधी काच, साधा सूक्ष्मदर्शक आणि पेशी ओळखण्याची एक नवी रीत. निबंधावर पहिलं नाव एम. एन. ढगे, शेवटचं विमलाबाईंचं. श्रीमंत देशांनी ढुंकून पाहिलं नाही. जिथं वीज जाते आणि यंत्राचा सुटा भाग यायला सहा महिने लागतात, अशा इस्पितळांनी तो निबंध भिंतीवर चिकटवला.

आणि त्याच वर्षी मुक्ताचं लग्न झालं.

नवरा सुदर्शन गलांडे, खराडीचा. घरची शेती होती. पुढे शहरच चालत शेतात आलं आणि ज्वारीच्या जागी संगणकवाल्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. माणूस सरळ, हसरा, बायको शिकलेली आहे याचा अभिमान असलेला. गलांड्यांकडे रीत अशी, की सून घरात आली की लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीच्या कडेनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. मधलं नाव नि आडनाव तर जातंच, ते बहुतेकींचं जातं. इथं पहिलंसुद्धा जायचं. सुदर्शननं मित्रांचा सल्ला घेऊन "प्रियदर्शनी" काढलं होतं. सुदर्शनला शोभतं, दाराच्या पाटीवर दोन्ही नावं जुळून येतील, असं मित्रांचं म्हणणं. मुक्ताला विचारलं नाही असं नाही. विचारलं, तांदळात लिहून झाल्यावर. "आवडलं ना?" पाहुणे खोळंबलेले, पेढे फिरायला लागलेले, फोटोवाला "ताई, इकडं बघा" म्हणत असलेला. अशा वेळी कोणती मुलगी नाही म्हणते? ती हो म्हणाली.

बाईचं नाव म्हणजे रस्त्याकडेची मोकळी भिंत. ज्याला वाटेल त्यानं यावं आणि आपल्या आवडीचा रंग देऊन जावं.

केंद्रातली नोकरी लागली ती नव्या नावावर. ओळखपत्र नवं, बँकेचं खातं नवं, आणि त्यानंतरचे सगळे निबंध पी. एस. गलांडे. त्यातला पहिला छापून आला तेव्हा विमलाबाईंनी तो हातात घेऊन, चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "लग्नाची पत्रिका त्या परदेशी मासिकवाल्यांना धाडली होतीस का? नाही? मग त्या बिचाऱ्यांना कळावं कसं?" मुक्ता हसली होती. तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखंच होतं.

विमलाबाई निवृत्त झाल्या. विभागप्रमुखाची जागा रिकामी राहिली आणि विभाग मुक्ता चालवत राहिली, पद नसताना. बरी झालेली मुलं दर वर्षी रक्त तपासायला येत. कुणाला मिसरूड फुटलेली, कुणाची दहावी झालेली. दुखणं उलटतं का, औषधांनी पुढे काय होतं, हे वर्षानुवर्षं बघत राहणं हेच आता तिचं मोठं काम होतं. मधे एक वर्ष जरी खंड पडला तरी मागची सगळी वर्षं फुकट.

अशात नवे संचालक आले, डॉ. रंगराव निंबाळे. हैदराबाद, बंगलोर बघून आलेले, आणि जे बघितलं ते सगळं पुण्यात पाहिजे म्हणणारे. त्यांना विमलाबाईंच्या विभागाचं लांबलचक दालन संगणकांसाठी हवं होतं. उघड तसं कोण म्हणतो? त्यांनी विभागप्रमुखाच्या जागेची जाहिरात दिली, आणि ठरावात शेवटी एक ओळ घातली की योग्य उमेदवार न मिळाल्यास विभाग संगणक विभागात विलीन करण्यात येईल. मुलाखतीला बोलावण्यापुरती दोन अटींपैकी एक पुरी असली तरी चालणार होती: निबंधांची संख्या किंवा प्रभाव. नेमणुकीला मात्र दोन्ही हव्यात. गलांडेबाईंकडे संख्या होती. प्रभाव ढगेबाई घेऊन गेली होती.

मुक्ताला आधी वाटलं, हे काय, एका दिवसाचं काम. तिनं पोपटरावांना विचारलं, दर महिन्याला पगार कुणाला देता?

"गलांडे मॅडमना."

"गलांडे मॅडमची पीएच.डी. कुठे आहे?"

पोपटरावांनी सेवापुस्तक उघडलं. पीएच.डी. ढगे यांची होती. एम.एस्सी. ढगे यांची, दहावीसुद्धा ढगे यांची. गलांडे मॅडम कागदोपत्री बालवाडीतसुद्धा गेलेल्या नव्हत्या.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही एका अशिक्षित बाईला शास्त्रज्ञाचा पगार देताय," मुक्ता म्हणाली.

पोपटराव दुखावले. म्हणाले की तसं नाही, रुजू होताना आपण प्रतिज्ञापत्र दिलं होतं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची म्हणून. ते आहे इथं. पण ते नोकरीपुरतं आहे. निबंधांचा त्यात उल्लेख नाही.

नोकरीपुरती एक आणि निबंधांपुरत्या दोन! मुक्ता उठून बाहेर आली आणि जिन्यात उभी राहून पाणी प्यायली, कारण तोंडात आलेला शब्द गिळायला काहीतरी लागतंच.

मग कुणीतरी सुचवलं, राजपत्रात नावबदल छापून घ्या, सरकारी शिक्का म्हटल्यावर कोण बोलणार. तिनं अर्ज केला, खेटे घातले, छापून आणलं. पोपटरावांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांचा आवाज पुन्हा मऊ झाला. राजपत्राप्रमाणे नावातला बदल यंदाच्या जून महिन्यापासून अमलात. मग मॅडम, आपण जूनपासून गलांडे असाल, तर शहाण्णवपासून गलांडे या नावानं निबंध कोण लिहीत होतं? म्हणजे आधी एकच मोठा निबंध हातातून गेला होता, आता सगळेच जायची वेळ आली. तिनं ते राजपत्र त्यांच्या टेबलावरून उचललं आणि पर्समध्ये कोंबलं. पुन्हा कुणाला दाखवलं नाही.

विमलाबाईंनी पत्र दिलं. आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं की ढगे आणि गलांडे ही एकच मुलगी असून ती दोन्ही नावांनी सारखीच हट्टी आहे. केंद्रानं ते पत्र परत केलं. विमलाबाई त्या निबंधाच्या सहलेखिका, सबब हितसंबंधी, सबब त्यांची साक्ष ग्राह्य नाही. मुक्तानं नारायण पेठेत जाऊन हे सांगितलं तेव्हा विमलाबाई गवार निवडत होत्या. त्यांनी गवारीची शेंग मोडली आणि म्हणाल्या, "ज्यांनी पाहिलं ते हितसंबंधी, आणि ज्यांनी पाहिलं नाही ते निःपक्षपाती. छान. देवाच्या दारी तरी साक्षीदार चालतात की तिथंही निंबाळेच बसलाय?" मग शेंगांकडेच बघत, "मी लग्न केलं नाही ते काही नाव राखायला नव्हे हो. पण राहिलं खरं."

शेवटी ती थेट संचालकांकडे गेली. डॉ. निंबाळे रागावणारे नव्हते; ते हसून अडवणारे होते. त्यांनी तिचेच निबंध काढून ठेवले होते. प्रत्येकात, कुठं ना कुठं, एक वाक्य होतं: ढगे व सहकाऱ्यांनी दाखवल्याप्रमाणे. आपल्या जुन्या कामाबद्दलही परक्यासारखं लिहायचं ही त्या लेखनाची शिस्त. विमलाबाईंनीच ती घोटून घेतली होती. निंबाळे म्हणाले, बघा, आपण स्वतःच त्यांचा उल्लेख किती आदरानं करता. आपलं स्वतःचं काम असतं तर कोणी असं लिहील का?

मुक्तानं सांगितलं की शास्त्रात असंच लिहितात.

"मान्य. घटकाभर धरू की आपण एकच," निंबाळे म्हणाले. "पण मग आपण आपल्याच निबंधाचा आधार आपणच घेतलात, असं होईल. स्वतःची पाठ स्वतः थोपटलेली आम्ही मोजत नाही. तेवढे दाखले वजा करावे लागतील."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दोघी म्हणावं तर मोठा निबंध परकीचा. एकच म्हणावं तर त्याचा आकडा कापा. आणि हे सगळं बोलताना तो माणूस तिला चहा देत होता, साखर किती ते विचारत होता.

त्या दिवशी खराडीला घरी पोचेपर्यंत तिचं डोकं भट्टीसारखं झालं होतं. जेवताना तिनं सगळं सांगितलं. सुदर्शननं भाकरीचा तुकडा मोडता मोडता लगेच मदत देऊ केली. म्हणाला, "एवढंच ना? मी देतो की लिहून. मीच ठेवलंय नाव, माझ्या सहीला कोण नाही म्हणतंय?"

त्याच्या मनात काही नव्हतं, आणि तेच तिला लागलं. "म्हणजे मी कोण ते तुम्ही लिहून देणार," ती म्हणाली.

"तसं नव्हे गं."

"तसंच आहे. आधी तांदळात लिहिलंत, आता स्टँपपेपरवर लिहा."

सुदर्शननं हातातला तुकडा ताटात ठेवला. सासूबाई तुळजाबाई ताटावरून उठता उठता थांबल्या. त्यांना ते निबंध, प्रभाव वगैरे कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण एवढं कळलं होतं की सुनेला तिचं म्हायेरचं नाव परत पायजे हाय. "माझं राधा व्हतं," त्या म्हणाल्या. "आता तसं हाक मारनारं एक बी मानूस हाय का? न्हाय. काय अडलं माझं?"

काय अडलं ते कुणालाच सांगता आलं नाही, त्यांना तर नाहीच. त्या हात धुवायला गेल्या. मुक्ताला त्यांच्यावर चिडायचं होतं, पण चिडायला जागाच सापडेना. त्यामुळे ती सगळी चीड जशीच्या तशी दुसऱ्या दिवशी केंद्रात गेली.

अर्ज द्यायचा तो शेवटचा दिवस. गलांडे या नावाचा अर्ज तिनं आधीच भरला होता. पोपटरावांनी तो तपासला, पावती दिली, आणि दिलाशासाठी म्हणाले की मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. खरं सांगायचं तर त्या ढगेबाईंनी अर्ज केला असता ना, तर मुलाखतीचं बोलावणं त्यांनाही नक्की आलं असतं.

मुक्तानं पावती पर्समध्ये टाकली. मग म्हणाली, "आणखी एक कोरा अर्ज द्या."

पोपटरावांनी दिला. तिनं तिथंच, त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर, त्यांच्याच पेनानं भरला. मुक्ता नागोराव ढगे. पदव्या सगळ्या. निबंध एक मोठा आणि दोन लहान. पत्ता बिबवेवाडीचा, वडिलांच्या घरचा. सध्याचा व्यवसाय या रकान्यात काही लिहिलं नाही.

पोपटरावांनी वाचलं आणि त्यांच्या लक्षात आलं. "मॅडम, एका बाईला दोन अर्ज करता येत नाहीत. नियम आहे."

"एका बाईला. इथं दोघी आहेत, तुम्हीच सांगितलंत. आता एकच आहे म्हणत असाल तर तसं या अर्जावर लिहा आणि खाली सही करा. मी दोन्ही अर्ज मागे घेते."

सही म्हटल्यावर पोपटरावांनी पेनाचं टोपण लावलं. सरकारी खात्यात उमेदवारी केलेला माणूस; सही ही वस्तू शेवटच्या क्षणापर्यंत खिशात ठेवायची असते हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. त्यांनी दुसऱ्या अर्जाचीही पावती दिली.

छाननी संगणकानं केली, कारण संचालकांचा माणसांवर विश्वास नव्हता. संगणकाला दोन नावं दिसली, दोघींची एकेक अट पुरी दिसली. संचालकांची छापील सही असलेली दोन पत्रं निघाली. एक तिच्या हातात केंद्रातच पडलं. दुसरं पोस्टमननं बिबवेवाडीला दिलं, आणि नागोरावांनी शेजाऱ्याच्या फोनवरून कळवलं की "मुक्ताई, तुला नोकरीसाठी बोलावलंया, पाकिटावर छापलंया," आणि हेही विचारलं की हातातली नोकरी गेली का काय. तिनं नाही म्हणून सांगितलं. मग हे नाव कुणी छापलं, त्यांनी विचारलं. केंद्रानं, ती म्हणाली. बराच मोठ्यानं नागोरावांनी पाकिटावरचं नाव शेजाऱ्याला वाचून दाखवलेलं तिला फोनवर ऐकू आलं.

मुलाखतीला बाहेरून आलेले अध्यक्ष नागपूरकडचे होते, म्हातारे, कर्करोगाच्याच कामात केस गेलेले. शेजारी निंबाळे, आणखी दोन सभासद, आणि टिपणं घ्यायला कोपऱ्यात पोपटराव. आधी पुकारा झाला ढगे यांचा. मुक्ता आत गेली. निंबाळ्यांनी मान वर केली आणि त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. अध्यक्ष तिला ओळखत नव्हते. त्यांना फक्त निबंध ओळखीचा होता, आणि तो फारच ओळखीचा होता. ते विचारत गेले, ती सांगत गेली: कोणता रंग आधी, तो मुरेपर्यंत किती थांबायचं, कुठं फसगत होते. तिची भीड चेपली. पहिल्यांदाच या सगळ्या भानगडीत कुणीतरी तिला पेशींबद्दल विचारत होतं.

मग अध्यक्षांनी विचारलं, इतकं चांगलं काम करून त्यानंतर एवढी वर्षं आपण कुठे होतात?

"ते केंद्राला विचारा," मुक्ता म्हणाली. "त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पंचाण्णवनंतर मी कुठेच नाही."

 अध्यक्षांनी आभार मानून तिला बाहेर सोडलं. ती बाकावर बसली. लगेच शिपायानं दुसरं नाव पुकारलं, गलांडे, आणि समोर तीच उठलेली बघून गोंधळला. ती त्याच्या बाजूनं पुन्हा आत गेली आणि त्याच खुर्चीत बसली.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आपण आत्ताच येऊन गेलात ना?"

"त्या ढगेबाई. मी गलांडे."

"ओळखता त्यांना?"

"तोंडओळख आहे," मुक्ता म्हणाली. "माझ्याच सासरी दिली होती तिला. नंतर तिचं काय झालं, कुणी चौकशी केली नाही."

एका सभासदाला ठसका लागला. निंबाळे आता हसत नव्हते. हा काय तमाशा आहे, म्हणाले. दोन नावांनी अर्ज करणं ही फसवणूक आहे, दोन्ही अर्ज रद्द केले पाहिजेत.

"फसवणूक कशी? दोघी निराळ्या आहेत असं तुमच्या कार्यालयाचं म्हणणं. दोघींना बोलावणी तुमच्या सहीची."

"अहो, या दोघी एकच बाई आहेत हे सगळ्या केंद्राला माहीत आहे," निंबाळे म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले.

 अध्यक्षांनी मान वळवून कोपऱ्यात बघितलं. "पोपटराव, हे लिहून घेतलंत? संचालकांचे शब्द आहेत. एकच बाई."

पोपटरावांनी संचालकांकडे बघितलं, अध्यक्षांकडे बघितलं, आणि कोण मोठं याचा मनात हिशेब करून लिहिलं.

निंबाळे इतक्यात हार जाणारे नव्हते. ते म्हणाले, ठीक आहे, एकच, पण मग स्वतःचेच दाखले वजा करा. मुक्तानं करा म्हणून सांगितलं. तिथंच यंत्रावर वजाबाकी झाली. तिचे स्वतःचे दाखले गेले. ढाका, कैरो, साओ पावलो, कुठल्या कुठल्या गावांची इस्पितळं तशीच राहिली. आकडा अटीच्या वर होता. थोडासाच, पण वर. अध्यक्ष खूश होऊन म्हणाले की बाई, तुमची ही युक्ती मी नागपूरला जाऊन सगळ्यांना सांगणार.

आणि खरंच त्यांनी सांगितली असणार, कारण पुढे कित्येक दिवस भेटेल तो हीच गोष्ट मुक्ताला ऐकवायचा: कमाल केलीत, दोनदा आत गेलात! बरी झालेली मुलं दर वर्षी तपासून तिनं काय शोधलंय, हे मात्र एकानंही विचारलं नाही. मुलाखतीतसुद्धा नाही. गलांडेबाईंच्या वाट्याचा सगळा वेळ त्या ढगे की गलांडे यातच गेला होता. नेमणुकीचं पत्र हातात आलं तेव्हा तिला आनंद व्हायच्या आधी हेच आठवलं आणि चीड आली. एवढी अक्कल एका पेशीवर खर्च केली असती तर काहीतरी नवं हाताला लागलं असतं. ती खर्च झाली कशावर, तर मी मीच आहे हे सांगण्यावर.

पत्र घेऊन ती विभागात गेली तर दालनात दोन सुतार. एक भिंतीला फूटपट्टी लावून पेन्सिलनं खुणा करत होता, दुसऱ्यानं नमुन्यांची कपाटं मधोमध ओढून ठेवली होती. संगणकांची टेबलं बसवायची आहेत, साहेबांनी मागेच माप घ्यायला सांगितलं होतं, असं पहिला म्हणाला. नेमणुकीआधीच. तिनं त्याला पुरतं बोलू दिलं, मग सांगितलं की टेबलं बसणार नाहीत, आणि कपाटं होती तिथं परत लावा.

सुतारानं फूटपट्टी खाली केली. त्याला भांडण नको होतं, फक्त आपली मान सोडवायची होती. "साहेबांनी विचारलं तर कुणी सांगितलं म्हणून सांगू, बाई?"

"विभागप्रमुखांनी," मुक्ता म्हणाली. "आणि ते कपाट उचलून न्या, फरफटत नेऊ नका. आत काचा आहेत."